गाडी हलता कामा नये

"काय वाट्टेल ते होऊ दे वहिनी, चाक सोडायचं नाही," शिट्टीमावशी म्हणाली आणि स्वतःही तिच्या शेजारी रस्त्यावर फतकल मारून बसली.

गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडकली होती. पांढरी, मागे खिडकी नसलेली. परमुलखातून आलेल्या, कागद नसलेल्या माणसांना उचलायला ती यायची. ज्याला नेलं तो पुन्हा गल्लीत दिसला नाही. आज तिच्यात गवंडीदादा होता, वहिनीचा नवरा.

या गल्लीत सगळेच बाहेरून आलेले. कुणाकडे कागद होते, कुणाकडे नव्हते. मावशी लाँड्रीत इस्त्री करायची आणि उरलेल्या वेळात लोकांना शहाणं करायची. तिचे नियम साधे होते. कागद तपासणारे, ते कागदवाले, आले तर दार उघडायचं नाही. शिट्टी वाजली की हातातलं काम टाकून खाली यायचं. कागद असतील त्यांनी गाडीपुढे बसायचं, नसतील त्यांनी लांबून ओरडायचं. लोक हो हो म्हणायचे आणि मावशीची पाठ वळली की तिच्या शिट्टीची नक्कल करून हसायचे. आज मात्र शिट्टी वाजली आणि अख्खी गल्ली उतरली. बेकरीवाला पिठाच्या हातांनी आला. न्हावी गिऱ्हाइकाची दाढी अर्धी टाकून आला, आणि ते गिऱ्हाईकही फेस पुसत मागोमाग येऊन बसलं.

वहिनी शिवणाच्या कारखान्यात काजं करायची. कारखान्यामुळे तिला कागद मिळाले होते. म्हणून मावशीने तिला हाताला धरून आणलं आणि सगळ्यांच्या पुढे, चाकाला टेकवून बसवलं.

ती घाबरली होती. नुसती घाबरली नव्हती, पाचावर धारण बसली होती तिची. ऊन चांगलं चढलेलं आणि हिचे दात वाजत होते.

"दार कुणी उघडलं गं?" मावशीने हळूच विचारलं.

"मीच." वहिनीने मान वर केली नाही. "चुकलं माझं."

"असू दे, असू दे. ते दाराशी उभे राहिले की भल्याभल्यांची मती गुंग होते."

"मावशी, तुम्ही सगळे घरी जा ना. माझ्यापायी तुमच्यावर कशाला बालंट?"

"ऐका हिचं!" बेकरीवाला मागून म्हणाला. "माझी भट्टी खचली तेव्हा दादाने रात्रभर बसून विटा लावल्या. वर चहासुद्धा घेतला नाही. आणि आज मी घरी जाऊन झोपू होय?"

खोटं नव्हतं ते. दादाचं कुणाशी वाकडं नव्हतं. कुणाच्या भिंतीला ओल आली, कुणाची मोरी गळली, की दादाला हाक जायची. हसत यायचा, हसत जायचा. त्याला नेलं तर गल्लीत चूल पेटणार नाही, असं न्हावी म्हणत होता.

तेवढ्यात गाडीच्या आतून धाडकन लाथ बसली. मग दुसरी.

"दादा आवाज देतोय!" लोक ओरडले. "दादा, आम्ही आहोत रे इथंच!"

वहिनी दचकून मागे सरकली आणि तिचा हात सुटला. मावशीने तो उचलून पुन्हा टायरवर ठेवला.

"मावशी, सोडतील का हो त्याला?"

"सोडतील."

"पण नक्की? आजच?"

"अगं, गाव करी ते राव न करी! आपली वकीलबाई कोर्टात जाऊन बसलीये. यांच्याकडे त्याला न्यायचा हुकूमच नाही, नुसते दांडगाई करतायत. तू बघच, रात्री जेवायला घरी असेल तुझा नवरा."

वहिनीला रडू फुटलं. मावशीने तिला जवळ ओढलं आणि पोटच्या पोरीसारखं थोपटत राहिली. तिचेही डोळे भरून आले होते.

कागदवाल्यांमधला एक तरुण साहेब घाम पुसत आला आणि वहिनीसमोर उकिडवा बसला. "बाई, तुम्ही उठा," तो म्हणाला. "तुम्ही उठलात तर बाकीचे उठतील. मग आम्ही निघतो."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. मग गुडघ्यांवर हात टेकून ती उठायला लागली. अर्धी उठलीसुद्धा.

"बस खाली!" मावशीने मनगट धरून तिला खेचलं. "धाक दाखवतायत तुला, कळत नाही का?"

मागच्या बायकांनी तिच्या खांद्यांवर हात टाकले. इतके हात पडले की तिला हलता येईना. "हिंमत धर वहिनी!" सगळे एका सुरात ओरडले. साहेब उठून बाजूला झाला.

मग त्याचा फोन वाजला. तो बराच वेळ नुसता "हो सर, हो सर" करत होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. साहेबाने खिशातून किल्ली काढली आणि कुणाकडेही न बघता गाडीच्या मागे गेला.

"सोडतायत!" न्हाव्याने आरोळीच ठोकली. मावशी शिट्टी तोंडात तशीच ठेवून रडायला लागली, त्यामुळे हुंदक्या-हुंदक्याला शिट्टी वाजत होती. लोक हसतही होते आणि रडतही होते.

वहिनी मात्र उठेना.

"पायातलं बळच गेलं पोरीच्या," मावशी म्हणाली. दोन बायकांनी तिला काखेत हात घालून उभं केलं.

दादा डोळे चोळत उतरला. बेकरीवाल्याने त्याला उचलूनच घेतलं, सगळा शर्ट पिठाने भरला. दादा हसत होता. एकेकाच्या पाठीवर थाप मारत तो वहिनीपाशी आला आणि सगळ्यांदेखत त्याने तिला घट्ट मिठी मारली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वहिनी, आता तरी हसा!" कुणीतरी ओरडलं.

"तू त्यांना केलेला फोन आत ऐकवला त्यांनी मला," तो तिच्या कानाशी हळूच म्हणाला. "'आजच न्या हो त्याला, नाहीतर मारून टाकील मला.' चल, घरी चल."