साडीच्या काठाची कुसळं

"गोळ्या लिहून देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही," माझ्या मुलीच्या वाकलेल्या पायांवरून हात फिरवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हाडं मऊ पडलीत. रोज उन्हात, मातीत खेळू द्या तिला."

हे मला पाठ आहे. मी ज्या ताईंचा मुलगा सांभाळते, त्यांनी फ्रिजवर तसा कागदच लावलाय: रोज दोन तास टेकडी, पायांत चप्पल नको, हातात मोबाईल नको. वर्षभर मी त्या पोराला टेकडीवर नेतेय. खडकावर चढवते, मुंग्यांची रांग दाखवते. पोरगं कसं टणक झालंय! माझी मात्र दिवसभर शेजारच्या मावशींच्या खोलीत टीव्हीपुढे बसून असते.

दुसऱ्या दिवशी धीर करून विचारलं, "ताई, माझ्या पोरीलाही नेऊ का सोबत?"

ताई वाईट नाहीत. जरा विचार करून म्हणाल्या, "अगं, पण मग तुझं लक्ष तिच्याकडेच राहील ना?"

खोटं कसं बोलू? राहिलंच असतं.

संध्याकाळी घरी येऊन टेकले, तशी पोरगी रोजच्यासारखी माझ्या साडीच्या काठाला चिकटलेली कुसळं वेचायला बसली. आज मात्र तिनं ती फेकली नाहीत. एकेक करून स्वतःच्या फ्रॉकला टोचली. तेवढ्यात तिचा बाप कामावरून आला, तर फेंगड्या पायांनी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी टेकडीवर गेले होते."

"कोणाबरोबर गं?"

"आईबरोबर."