माशाच्या मांसाचं प्रात्यक्षिक

धुळ्याच्या कॉलेजात शिल्पा मुलींना माशाच्या मांसावरचा प्रयोग दाखवत होती. बर्फातल्या नळीत मांसातलं एन्झाइम सुस्तावलं होतं, कोमट पाण्यात मांस झपाट्यानं मऊ पाडत होतं, उकळत्या पाण्यात कायमचं निकामी झालं होतं. तेवढ्यात तिचा नवरा भटू आत घुसला. “हे बठ्ठं, सगळं बंद कर. घर चाल,” म्हणत त्यानं केस धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं. नळ्या फुटल्या, कपाळ फुटलं. घरी ती गप्प मार खायची. आज मुलींच्या डोळ्यांदेखत त्यानं पुन्हा मूठ उगारली, तशी तिनं उकळत्या पाण्याचं भांडं उघड्या हातांनी उचललं आणि त्याच्या हातावर ओतलं. भटू किंचाळत खाली बसला. “याचा हात नळाखाली धरा, पोलिसांना बोलवा,” शिल्पा म्हणाली. “मॅडम, अपघात झाला म्हणू?” एका मुलीनं विचारलं. “नाही. त्यानं मारलं, मी भाजलं. असंच सांगायचं.”