वळणावरची शिट्टी

जखमी जिवंत असला की स्ट्रेचरवाल्याने वळणावरूनच शिट्टी फुंकायची, म्हणजे दवाखान्याच्या तंबूत तयारी सुरू होई, असा त्या लष्करी तुकडीचा शिरस्ता. धाकटा स्ट्रेचरवाला तर कान किटेपर्यंत फुंकायचा. "अरे, तुझ्या शिट्टीने मेलेलाही उठून बसेल!" नर्सताई म्हणायची. आज शिट्टी थांबेचना. "स्वारी भलतीच खुशीत दिसतेय!" म्हणत ताईने दिवे लावले, डॉक्टरांनी हातमोजे चढवले. ताई दाराशी धावली. स्ट्रेचर आलं, पण पुढचे दांडे धरणारा धाकटा नव्हता. शिट्टी फुंकत होता खुद्द जखमीच, गाल फुगवून, जिवाच्या आकांताने. "धाकटा कुठाय?" ताईने विचारलं. जखमीने शिट्टी तोंडातून काढली. "गेला, ताई. मला उचलताना त्याला गोळी लागली. गळ्यातली शिट्टी माझ्या तोंडात कोंबली अन् म्हणाला, 'थांबू नकोस, ताई वाट बघतेय.'" आतून डॉक्टर ओरडले, "जिवंत आहे ना?" ताईने जखमीच्या हातातली शिट्टी घेऊन ओठांना लावली.