तिसरं कुलूप

चारच मिनिटं वीज गेली. ती आली, सर्व्हरही चालू झाला, पण वेबसाइट काही उघडेना. गावाच्या रिंकमध्ये, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या बंदिस्त मैदानात, दोनशे चाळीस खाटा मांडून तयार होत्या. वणव्यामुळे उत्तरेकडची गावं रिकामी करून निघालेल्या बसेस अर्ध्या तासावर आल्या होत्या. कोण येणार, कुठे झोपणार, कुणाला कोणतं औषध लागतं, हे सगळं त्या वेबसाइटच्या पोटात होतं.

रिंकच्या तिकीट खिडकीमागच्या सर्व्हरसमोर डोरीन हलुश्को बसली होती. नगरपालिकेतली कारकून, गावातला संगणक बिघडला की हाक तिलाच. मागे कानाला फोन लावून रॉस उभा होता. आपत्तीच्या कामाचा तो प्रमुख. शाळेत डोरीनच्याच वर्गात होता, आणि तेव्हाही असाच उतावळा होता.

"शहरातला इंजिनिअर म्हणतोय, लॉक नावाच्या सगळ्या फाइली उडव आणि परत चालू कर. दोन मिनिटांचं काम आहे."

"आहे खरं," डोरीन म्हणाली, पण तिने काही उडवलं नाही.

अशा तीन फाइली होत्या. एखादा प्रोग्राम माहितीत फेरफार करायला लागला की आधी असं कुलूप लावतो आणि काम झालं की काढतो. वीज गेली तर तो जागीच मरतो आणि कुलूप तसंच राहतं. मात्र प्रत्येक कुलपात लावणाऱ्याचा नंबर लिहिलेला असतो. डोरीनने तिन्ही नंबर चालू प्रोग्रामांशी ताडून पाहिले. नावांचं कुलूप लावणारा मेलेला होता, खाटांचंही तसंच. ती दोन तिने उडवली. औषधांच्या कुलपाचा मालक मात्र जिवंत होता. हा दुरुस्तीचा प्रोग्राम वीज आल्यावर आपोआप सुरू झाला होता, त्यानेच हे नवं कुलूप लावलं होतं आणि तो अर्धवट राहिलेल्या नोंदी एकेक करून दुरुस्त करत होता.

"आता का थांबलीस?"

"आत काम चाललंय."

"अगं बाई, बसेस पुलाशी आल्या. इंजिनिअर म्हणतोय..."

"त्याला तिथून काय दिसतंय? मध्येच हात घातला तर अर्धी औषधं जातील. आणि कुठली अर्धी, ते ना तुला कळेल, ना मला."

"किती वेळ लागेल?"

"माहीत नाही."

रॉसचा हात कीबोर्डकडे गेला. केकला बोट लावणाऱ्या पोराचा करावा तसा डोरीनने तो बाजूला केला.

"चुकलं तर माझ्या नावावर घाल," ती म्हणाली.

पहिली बस आली. धुराने डोळे लाल झालेली माणसं टेबलापुढे रांगेत उभी राहिली. डॉक्टर मिरियम कोऱ्या पडद्यासमोर बसून होती. तिने दोनदा डोरीनकडे पाहिलं. रॉस येरझाऱ्या घालत होता. अकराव्या मिनिटाला कुलूप आपसूक निघालं. डोरीनने वेबसाइट चालू केली.

रांगेत पहिले होते बर्नार्ड लाफ्लेश, ऐंशीच्या घरातले. भाजलेला हात चिघळला होता. मिरियमने पेनिसिलिनची कुपी काढून ठेवली होती.

"कुठलं औषध बाधतं का, आजोबा?"

"ते बायकोला ठाऊक. मी विचारत नाही, ती देते ते गिळतो. ती मागच्या बसमध्ये आहे."

मिरियमने पडद्यावर त्यांचं नाव शोधलं, वाचलं, आणि कुपी उचलून परत पेटीत ठेवली.

"यांना पेनिसिलिन अजिबात चालत नाही," ती रॉसला म्हणाली. "नोंद वीज जायच्या मिनिटभर आधीची आहे."

ती नोंद डोरीननेच केली होती, फोनवर त्यांच्या बायकोकडून ऐकून. तिला मनापासून अभिमान वाटला आणि तो लपवावा असं काही वाटलं नाही. ती खुर्चीत ताठ बसली.

फोनवर इंजिनिअर अजून बोलतच होता. आपण गाडी काढतो, तीन तासांत पोचतो, असं त्याचं चाललं होतं.

"नको, निघू नकोस," रॉस म्हणाला. "आमच्याकडे डोरीन आहे."