चिमटीतला चौकोन

"माणसानं नाणं गोल केलं, तिथंच त्याचं नशीब फिरलं," घड्याळजींनी जाहीर केलं. "गोल वस्तू कुणाजवळ टिकत नाही. जगाचा इतिहास आहे हा."

इतिहासाने पुरावा द्यायला वेळ लावला नाही. टेबलावरचं नाणं त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांतून निसटलं आणि घरंगळत कपाटाखाली गेलं.

"नववं," व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या.

अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले होते. पाय चालू लागला होता. जीभ तर दुसऱ्याच दिवशी चालू लागली होती. फक्त उजवा अंगठा आणि तर्जनी एकमेकांशी अबोला धरून बसले होते, आणि घड्याळाचा स्क्रू काही मुठीत धरून बसवता येत नाही. दुकान तेव्हापासून बंदच होतं. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाने ते मागितलं होतं, आणि हो की नाही ते आजच कळवायचं होतं.

"दोष नाण्यांचा आहे," घड्याळजी म्हणाले.

"मग न घरंगळणारी आणा की, काका."

बायको जणू याचीच वाट बघत होती. "आहेत ना! चांगली एकशे बारा आहेत. देशोदेशीची, आणि सगळी चौकोनी. तेहेतीस वर्षं संसार केला, पण एकाला बोट लावू दिलं असेल तर शपथ!"

"अगं, पण..." घड्याळजी म्हणेपर्यंत ट्रे टेबलावर आला होता.

या नाण्यांना ते स्वतःही चिमट्यानेच धरत. बोटांचं तेल लागलं की डाग पडतो, तो जन्मात जात नाही. बाईंनी नुकताच त्यांचा खांदा तेल लावून चोळला होता. त्याच बोटांनी त्यांनी ट्रेच्या मधोमधलं नाणं उचललं. त्या एका नाण्यासाठी घड्याळजींनी कुठल्याशा बेटावरच्या पोस्टमास्तरला नऊ पत्रं लिहिली होती.

"गोड आहे हो," बाई म्हणाल्या आणि त्यावरून प्रेमाने अंगठा फिरवू लागल्या.

"बाई! खाली ठेवा ते!"

बाईंनी ते टेबलाच्या अगदी कडेला ठेवलं. एक कोपरा बाहेर डोकावत होता. "मळलंय पण किती! थांबा, पुसूनच देते," असं म्हणून त्यांनी तेलाचा टॉवेल हातात घेतला.

घड्याळजी झेपावले. अंगठा कोपऱ्याखाली गेला, तर्जनी वरून बसली. नाणं चौकोनी असल्यामुळे बिचाऱ्याला पळायची सोय नव्हती. ते उचललं गेलं.

"ठसा! अख्खा ठसा उमटलाय!" घड्याळजी ओरडले.

बायको तोंडावर हात ठेवून त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होती. मग त्यांनीही तिकडे पाहिलं.

बाई शांतपणे टॉवेलची घडी घालत होत्या.

बायकोने डोळे पुसले, नाकही पुसलं. "अहो, त्या कव्हरवाल्याला काय कळवू?"

"कळव, की दुकान सोमवारपासून उघडतंय."

"सोमवारी नुसतं कुलूप उघडा, काका," बाई म्हणाल्या. "घड्याळं उघडायला अजून दोन महिने."

"चालेल. कुलूप तर कुलूप."

बायको फोन करायला आत गेली. घड्याळजी नाणं उंच धरून, लढाई जिंकल्याच्या थाटात बसून राहिले. तिचा आवाज आतून येऊ लागला, तसे ते बाईंकडे झुकले आणि हळूच म्हणाले,

"बाई, एवढी बोटं जरा उघडून द्याल का? सुटत नाहीये."