पाण्यातलं वजन

चौथ्यांदा पाण्यातून वर काढलं तेव्हा कोंडीबाला खोकल्याची अशी उबळ आली, की तराजूचा काटा थरथरायला लागला. गिरणीच्या दवाखान्यामागच्या हौदावर तो तराजू टांगला होता आणि त्याला एक लोखंडी खुर्ची. माणसाला खुर्चीसकट बुडवायचं आणि त्याच्या अंगात चरबी किती, हाडमांस किती ते काढायचं, हा विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टरांचा नवा नाद. ज्याचं अंग कमकुवत निघेल त्याला हलकं काम मिळणार होतं. पिंजणखात्यात बारा वर्षं कापसाची धूळ गिळून कोंडीबा पार थकला होता. त्याला फाटकाजवळचं स्टूल हवं होतं, बाकी काही नको.

"अरे, दम सोड म्हणतोय ना!" डॉक्टर वैतागले. "छातीत हवा ठेवलीस तर वजन कसं कळणार?"

"सोडतो की सायेब," तो म्हणायचा, पण बुडताना छाती आपोआप आवळायची. जन्मभर जो तो त्याला दम धर म्हणत आला होता. सोडायची सवयच नव्हती.

पाचव्यांदा मात्र धरण्याइतकं त्याच्यात काही उरलंच नाही. बुडबुडे वर गेले आणि तो खुर्चीत दगडासारखा बसून राहिला. खाली गिरणीची घरघर नव्हती. वर यावंसंच वाटेना. कंपौंडरनं दोर ओढला तेव्हा त्याला खरंच वाईट वाटलं.

आकडा बघून डॉक्टर खुलले. "शाब्बास! चरबी नावाला नाही. चरबी तरंगते, म्हणून जाडा माणूस पाण्यात हलका भरतो. आजवरच्यांत तूच सगळ्यात भारी."

"मंग हलकं काम, सायेब?"

"तुला कशाला? तू ठणठणीत आहेस."

बाहेर त्याची बायको गोजरबाई कोरडं धोतर घेऊन उभी होती. "काय म्हनले वो डागदर?"

"भारी हाय म्हनले." कोंडीबा पायरीवर टेकला. "अंगात चरबी न्हाय, म्हनून पिंजणातच ऱ्हायाचं."

"आन् असती तर?"

"तर हलकं काम."

गोजरबाईनं पदरानं त्याच्या बरगड्यांवरचं पाणी टिपलं.

"म्हंजी जाड्याला हलकं, वाळल्याला भारी. येवढं कळाया त्येंनी तुमाला पाच येळा बुडवलं व्हय?"