विरोधी बाजू

नामांकित विद्यापीठातल्या वादविवादाचा विषय होता, ‘इथे प्रत्येक मताला जागा हवी.’ बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. ऋचाला विरोधी बाजू आली: प्रत्येक मताला जागा नको. ती माइकपाशी गेली आणि ‘हिला खाली बसवा!’ असा समोरच्या पोरांचा गलका झाला, तो थांबलाच नाही.

संध्याकाळी ती चषक घेऊन दीक्षितपुऱ्यातल्या घरी आली.

“अरे वा, पहिलं बक्षीस! काय बोलली?” बाबांनी विचारलं.

“काहीच नाही. बोलूच नाही दिलं.”

“मग बक्षीस काहून दिलं?”

“परीक्षक म्हणाले, तुझा मुद्दा पोरांनीच सिद्ध केला.”

बाबांनी चषक उलटसुलट करून पाहिला. “अच्छा... म्हणजे तू जिंकली ना?”

“तेच कळून नाही राहिलं, बाबा. ओरडणाऱ्यांचं अन् माझं खरं मत तर एकच आहे. प्रत्येकाला बोलू द्यावं.”